पहिल्या पाळीचं ऊन

ऊन चैताचं तापलं, फुफाट्यात पोळे पाय
सावली मागू कुणा गं, भीम माझी बापमाय

सासू शकुबाईचा हा आवाज भिमाबाईने पहिल्यांदा ऐकला तो नवी नवरी असताना, जात्यापाशी. दळण सरत आलं की जातं हलकं व्हायचं, सासूचा आवाज बारीक व्हायचा, आणि खुंटा हातात तसाच धरून ती सांगायची, "मी तवा एवढीशी होते. बापाच्या मागं अनवाणी गेले सभेला. पायाची सालं निघाली, पण पाय थांबला नाय."

सासू गेली. जातं न्हाणीच्या दाराशी धोंडा होऊन पडलं. आवाज मात्र राहिला, आणि भिमाबाईचा नवरा काळू आता तो आवाज कोर्टातल्या साक्षीदारासारखा उभा करायचा. कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, की यंदा ऊन काही खरं नाही, की काळूबाबा खाटेवरून उठून बसायचे.

"आमच्या आईच्या ओवीत काय हाय? फुफाटा हाय का नाय? पाय पोळले का नाय? तवा कुठं होतं तुमचं क्लायमेट? ऊन जुनंच हाय. माणसं नवी झाली, मऊ झाली."

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करण्यात त्यांची नोकरी सरली होती. वस्तीतल्या घराच्या ओट्यावर बसलं की समोर केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसायच्या. दुसरी माणसं सकाळी उठून आभाळाकडे बघतात, काळूबाबा चिमणीकडे बघायचे. धूर निघत असला की त्यांचा चहा गोड लागायचा.

वस्तीतली भीमजयंतीची मिरवणूक दुपारी निघायची. आजूबाजूच्या गावांत, नाशिकरोडला, सगळीकडे ती संध्याकाळची. इथे मात्र दुपारची, कारण पहिली पाळी दुपारी सुटायची. भोंगा झाला की माणसं घरी न जाता थेट मिरवणुकीत यायची. तोंडावर कोळसा, गळ्यात निळा गमछा, आणि डोळे तेवढे पांढरे. विहारापासून केंद्राच्या फाटकापर्यंत जायचं, फाटकापाशी वंदना घ्यायची आणि परतायचं. सगळ्यांत पुढे स्पीकरची गाडी, तिच्या मागे पांढऱ्या साड्यांतल्या बाया, आणि बायांच्या पुढे निळा झेंडा. फाटक येईपर्यंत तो खाली टेकवायचा नाही, अशी रीत. आधी तो शकुबाई धरायची. शकुबाईच्या हातून तो भिमाबाईच्या हातात आला.

गेल्या वर्षी तो पडला.

फाटकाच्या अलीकडच्या वळणावर भिमाबाईला आधी रस्ता पांढरा दिसला, मग बायांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांबून यायला लागले, मग काहीच नाही. झेंडा आणि ती बरोबरच खाली आली. मागून चालणाऱ्या वस्तीतल्या लताबाईने एका हाताने झेंडा उचलला, दुसऱ्याने पदर भिमाबाईच्या तोंडावर धरला. बायांनी कडं केलं. काळूबाबा पुढे गाडीवर होते, माइक त्यांच्या हातात होता. त्यांना काही दिसलं नाही. लताबाईच्या जावयाची रिक्षा मागून येतच होती, तिच्यात घालून भिमाबाईला दवाखान्यात नेलं. जाताना तिने लताबाईकडून शब्द घेतला, काळूबाबांना काही सांगायचं नाही. मुलगी संजना, शाळेत शिक्षिका, तिथल्या जयंतीच्या कार्यक्रमातून तशीच धावत आली. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, या वेळी निभावलं. पुढच्या वेळेचं ते काही बोलले नाहीत.

तिकडे फाटकावर काळूबाबांनी विचारलं, "आमची कुठंय?"

"तिच्या माहेरचं कुणी आलंय," लताबाई म्हणाली. "गेली रिक्षानं. झेंडा माझ्याकडं दिला."

मग त्यांनी माइक तोंडाशी धरला. "ऊन वाढलं, ऊन वाढलं म्हणत पंख्याखाली बसणाऱ्यांनी ह्या आयाबहिणींकडं बघा!" आयाबहिणींनी माना खाली घातल्या.

हे संजनाला ठाऊक, लताबाईला ठाऊक, कड्यातल्या बायांना ठाऊक. वर्ष गेलं. पुन्हा चैत आला, आणि भिमाबाईला दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचं म्हटलं तरी जिन्यातच हातपाय गार पडू लागले. बाहेर सगळं भाजतंय आणि ही गार.

जयंतीच्या आधीच्या रविवारी विहारात बैठक झाली. जयंती समितीचा सेक्रेटरी संघर्ष, सातपूरला कारखान्यात कामाला, उभा राहिला.

"जय भीम. विषय एकच आहे. मिरवणूक या वर्षी संध्याकाळी काढू."

"का?" काळूबाबा म्हणाले. "दुपारी सूर्याला सुट्टी पायजे का?"

माणसं हसली. संघर्षही हसला, पण खाली बसला नाही.

"बाबा, हवामान खात्याचा इशारा आहे. उष्णतेची लाट म्हणून."

"त्यांचा इशारा! मागं पावसाचा दिला. शाळा बंद केल्या, पोरं घरात कोंडली, आन थेंब पडला नाय. आन गारा पडून द्राक्षांचा चिखल झाला, तवा खातं झोपलं होतं. त्यांचं ऐकून आपण वेळ बदलायची?"

"एक अंदाज चुकला म्हणून सगळंच खोटं होत नाही ना."

"बरं, मंग हे सांग. पाऱ्याची नळी पूर्वी कुठं टांगायचे? झाडाखाली. आता चारी बाजूंनी सिमेंट. पारा चढणारच. त्यात जग बुडायला निघालं असं कुठं हाय?"

"पण बाबा, आपली माणसंही सिमेंटातूनच चालतात की. झाडाखालून नाही चालत."

"हाणला!" मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. या वेळी काळूबाबा हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरा, ऊन हे निमित्त हाय. आधी म्हणले कोळसा वाईट. मंग म्हणले चिमणी वाईट. केंद्रातले वीज काढायचे जुने संच बंद झाले, कामगार कॉलनीतल्या खोल्यांना कुलपं लागली, खिडक्यांतून बाभळी निघाल्या. आमच्या हातचं सगळंच वाईट ठरलं. आता राहिली ही आमची वेळ. तीबी वाईट?"

पंखा तेवढा कुरकुरत होता. संघर्ष हळू आवाजात म्हणाला, "पण बाबा, पहिली पाळी सुटून आता येतं कोण? आपली माणसं पाळीत उरलीत किती?"

हे त्याने म्हणायला नको होतं, असं त्याला स्वतःलाच वाटलं असावं. तो लगेच खाली बसला. काळूबाबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली आणि बायांच्या बाजूला हात केला.

"माझ्या घरची बाई झेंडा धरते. तिलाच विचारा. एवढ्या वर्षांत कधी म्हणाली, का ऊन लागतं?"

सगळ्या माना वळल्या. लताबाईने मात्र भिमाबाईकडे बघितलं नाही. ती बुद्धाच्या मूर्तीपुढच्या मेणबत्तीकडे बघत राहिली. भिमाबाई सतरंजीचा दुमडलेला काठ बोटांनी सरळ करत होती. तो सरळ झाला तरी ती करत राहिली.

"बैठक लांबली," ती म्हणाली. "चहा ठेवू का?"

मिरवणूक दुपारीच ठरली.

घरी परतताना डांबरी रस्त्यावरून झळा वर येत होत्या. भिमाबाई नवऱ्याच्या मागून चालली होती, पदर कपाळावर ओढून. सासूची ओवी तिच्या मनात आपोआप चालू झाली, आणि आज पहिल्यांदा तिला वाटलं, की ओवी जो पोचला त्याची असते. त्या सभेच्या वाटेवर कुणी म्हातारी बसली असेल, बाभळीच्या बुडाशी, आणि उठली नसेल. तिच्यावर कुणी ओवी रचली? पोचलेल्यांनी पुढे जाऊन जात्यावर गाणी म्हटली. बसलेली वाटेवरच राहिली. मग हे नवऱ्याला कसं सांगायचं, असा विचार करत ती घरापर्यंत आली आणि तिने पाण्याचा तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, काळूबाबा घरी नसताना, संजना आली. खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं बघून तिने पर्सही खाली ठेवली नाही.

"आई, संघर्षने फोन केला होता. तू गप्प बसलीस म्हणे."

"चहा विचारला की."

"थट्टा नको करूस. तू सांगत नसशील तर मी सांगते बाबांना."

"सांग. मंग ते जेवायचे नाय. तिथं खाटेवर चिमणीकडं बघत बसतील. त्यांना वाटंल, मी त्या लोकांत गेले."

"कुठल्या लोकांत?"

"जे म्हणतेत, तुमच्या धुरानं ऊन वाढलं."

"अगं, मला ऊन लागलं म्हणणं म्हणजे चिमणीला शिवी देणं नाही."

"तुला नाय वाटत." भिमाबाईने गोणपाटावर पाणी शिंपडलं. "त्या माणसानं जन्मभर काळं थुंकलंय, संजे. त्या थुंकीवर तू बी.एड. झालीस, डोक्यावर हा स्लॅब आला. चिमणीला कुणी बोललं तर त्यांना स्वतःला बोलल्यागत होतं. आता मी म्हणू, तुम्ही रोज उठून जे करायला गेलात, त्यानंच मी रस्त्यात पडले?"

संजना खाटेच्या कडेला बसली. शाळेत पोरांना ती ऊन का वाढतं, हा धडा शिकवायची. फळ्यावर पृथ्वी काढायची, तिच्याभोवती बाण काढायची. त्या बाणांत बाप कुठे काढायचा, हे पुस्तकात नव्हतं.

"मग काय, परत पडणार तू?"

"नाय. गुडघे दुखतेत म्हणीन. झेंडा लताबाईला देईन आन मी सावलीत बसंन. तिलाबी तसंच सांगून ठेवलंय."

"म्हणजे उन्हासाठी गुडघ्यांवर आळ."

"गुडघ्यांना काय वाटायचंय?" भिमाबाई म्हणाली, आणि दोघी थकल्यासारख्या हसल्या.

जयंतीच्या आदल्या सकाळी काळूबाबांनी विहाराच्या कपाटातून झेंडा घरी आणला. काठीला तेल लावायचं, कापड धुऊन इस्त्री करायची, हे काम त्यांनी कधी दुसऱ्याकडे दिलं नव्हतं. ओट्यावर चादर पसरून त्यांनी घडी उलगडली. भिमाबाई दारात बसून लसूण सोलत होती.

"परवा मी म्हणाले ना," ती म्हणाली, "गुडघे लय धरलेत. यंदा लताबाई धरील झेंडा."

काळूबाबांनी झेंड्याचा कोपरा डोळ्यांजवळ नेला. निळ्या कापडावर तळहाताएवढा काळा डाग होता, आणि त्यात बारीक खडी रुतून बसली होती. त्यांनी नखाने खरवडलं. निघालं नाही.

"डांबर हाय," ते म्हणाले.

भिमाबाईच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

"झेंडा खाली पडलाय. नुसता टेकला नाय, पडलाय. रस्त्यावर पडून राहिलाय." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "गेल्या साली फाटकावर लताबाईच्या हातात होता. तिनं पाडला. आन बोलली नाय. घडी घालून कपाटात ठेवून दिला, वर्षभर!"

"अहो—"

"आईच्या हातून कधी टेकला नाय. तुझ्या हातून टेकला नाय. एक दिवस हिच्याकडं दिला, आन ही गत." त्यांनी झेंडा चादरीवर ठेवला, हळूच, आजारी माणसाला ठेवावं तसा. "झेंडा यंदा तूच धरायचा. गुडघ्याला मी तेल लावून देतो. आन लताबाईला सगळ्या बायांसमोर विचारतो. आजच. ह्या घडीला."

ते खाली वाकून चप्पल शोधू लागले. एक सापडली, दुसरी खाटेखाली गेली होती. आत कुकरची शिट्टी होत होती. समोर चिमणीतून धूर सरळ वर चालला होता, वारा नव्हता. भिमाबाईला लताबाईचा तो हात आठवला, तोंडावर पदर धरणारा, घामाने भिजलेला. आणि त्या हाताची मालकीण आता बायांमध्ये मान खाली घालून उभी राहील, शब्दाला जागून एक अक्षर बोलणार नाही.

"बसा," ती म्हणाली.

"आल्यावर बसतो."

"आधी बसा. चप्पल राहू द्या."

तिचा हा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नसावा. एका पायात चप्पल तशीच, ते ओट्यावर बसले.

"लताबाईनं नाय पाडला. तिनं उचलला. पाडला मी." लसणाची परात तिने बाजूला सरकवली. "वळणावर मी पडले, झेंडा माझ्याबरोबर पडला. माहेरचं कुणी आलं नव्हतं. मी दवाखान्यात होते, सलाईन लावून. संजीला ठाऊक हाय, बायांना ठाऊक हाय. तुम्हालाच नाय सांगितलं."

काळूबाबांचं तोंड उघडलं. "उपाशी असशील," ते कसंबसं म्हणाले. "तू जयंतीला कधी वेळेवर जेवत नाय..."

"पोटभर जेवले होते. मला ऊन लागलं. ते जुनं का नवं, चिमणीचं का कशाचं, मला नाय माहीत, आन मला तुमच्याशी भांडायचं नाय. तुमचंच खरं असंल. पण तिथं खाली पडले ना, तवा मला कळलं का मी मरतेय. आन मला झेंड्याचं काय वाटलं नाय हो, तुमचं काय वाटलं नाय. मला एवढंच वाटलं, का मला मरायचं नाय. मला भ्या वाटतं उन्हाचं. रोज वाटतं. मी उद्या येणार नाय."