मूल ते चांदा, मोटारीने

राजोलीच्या रामाजीची फटफटी लढाईतली होती. लढाई संपल्यावर लष्कराने जुनं सामान लिलावात काढलं तेव्हा त्याने ती घेतली. तेव्हापासून रोज सकाळी तिच्यावर बसून तो मूलला भाताच्या गिरणीत इंजिन चालवायला जायचा. उन्हाळ्यात धुळीने माखून पोचायचा, पावसाळ्यात चिखलाने. अर्धे दिवस तिला ढकलावंच लागे. गावातला झिंगू म्हणायचा, "फटफटी रामाजीले नेत नाई, रामाजीच फटफटीले नेऊन राह्यला."

गिरणीचे मालक गुणवंतराव यांच्याकडे मोटार होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मोटार चालवायला माणूस मिळेना. रामाजी लढाईत लष्कराचे ट्रक चालवून आलेला. मालकांनी त्याला सांगितलं, मोटार राजोलीलाच ठेव, तिच्यातूनच ये-जा कर, आठवड्यातून एकदा मला चांद्याला ने. दुसरा कोणी असता तर गावभर मिरवला असता. रामाजी नाही म्हणाला. मालकांनी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाला. लोकांना वाटलं, बायको त्या फटफटीवर मागे बसायची, म्हणून याचा जीव तिच्यात अडकला आहे. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. खरं कारण वेगळं होतं. मूलहून चांद्याला जायला मोटारीला किती वेळ लागतो, हे त्याला जाणून घ्यायचं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी धानाच्या कापणीत त्याच्या बायकोच्या, रुखमाबाईच्या, पोटात दुखू लागलं. दोन दिवस तिने ओवा चावून अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उभं राहवेना. चांद्याची रेल्वेगाडी निघून गेली होती. रामाजीने तिला फटफटीवर मागे बसवलं, तिचंच एक लुगडं दोघांच्या कमरेभोवती बांधलं आणि निघाला. मूलमध्ये गिरणीचं फाटक आलं तेव्हा आत नऊचा भोंगा वाजत होता. थांबून मालकांना मोटार मागावी असं त्याच्या मनात आलं. पण मागच्याच बाजाराच्या दिवशी तो चार लोकांत बोलून बसला होता, की मोटार फसते तिथून माझी फटफटी निघते. तो थांबला नाही.

पुढे अठ्ठावीस मैल गिट्टीचा रस्ता. दर धक्क्याला ती कण्हायची. चार ठिकाणी त्याने तिला उतरवून झाडाखाली निजवलं. दवाखान्यात पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलं आहे, तासभर आधी आणायला हवं होतं. दुपारी ती गेली.

तो एक तास रामाजीच्या डोक्यात घर करून बसला. रस्ता तोच, खड्डे तेच, मोटारीलाही तेवढाच वेळ लागला असता, असं तो स्वतःला सांगायचा. मोटारीने गेला नाही तोवर ते खरं असू शकत होतं.

माघात एका सकाळी गिरणीतला सुतार जलालुद्दीन धावत इंजिनघरात आला. त्याची बायको खुर्शीदा कालपासून कळा देत होती. मालक डोळे दाखवायला नागपूरला गेले होते.

"रामाजीभाऊ, खुर्शीदाचं बाळ आडवं आलं. दाईनं हात टेकले. मालकीणबाईनं मोटार देल्ली, पण चालवनारं कोनी नाई."

रामाजी चिंधीने हात पुसत राहिला. जलाल खाली वाकला. "तुमी मोटारीत बसत नाई, मालूम हाये मले. पाय धरतो तुमचे."

"पाय नोको धरू. मांगच्या सीटवर गादी टाक."

घड्याळाकडे पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण गिरणीच्या कचेरीसमोरून जाताना नजर गेलीच. दहा वाजून दहा मिनिटं.

चिचपल्लीच्या जंगलात रस्ता जरा बरा लागला. मोटार धावू लागली आणि त्याच्या मनात वाईट विचार आला. जरा हळू चालवली तर हवं तेच उत्तर मिळेल. तेवढ्यात मागे खुर्शीदा ओरडली. त्याने मोटार आणखी जोरात सोडली.

दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. खुर्शीदाला आत नेलं. रामाजी बाहेर येऊन मोटारीच्या पायरीवर बसला आणि वजाबाकी करत राहिला. कशीही केली तरी सव्वा तास उरत होता.

दुपारी जलाल बाहेर आला. खुर्शीदा वाचली, मुलगी झाली, एवढं सांगून तो हुंदके देऊ लागला. रामाजीने त्याला शेजारी बसवलं. तीन वर्षांत कोणाला न सांगितलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"माह्यी बी वाचली असती, जलाल. गिरणीच्या फाटकाजवळून गेलो त्या दिवशी. थांबलो नाई. मोटार मांगायची लाज वाटली मले."

जलालने डोळे पुसले. मग म्हणाला, "थांबून काय भेटलं असतं? मोटार बंद पडली होती तवा. आठ दिवस बंदच होती, भाऊ."

रामाजीने त्याच्याकडे पाहिलं. रुखमाबाई गेली त्याच संध्याकाळी हीच मोटार राजोलीत आली होती. मालक उतरले होते, आणि त्यांच्या मागून जलाल. तिरडीचे बांबू त्यानेच टपावर बांधून आणले होते. ते बहुतेक जलाल विसरला होता. नाहीतर रामाजी विसरला असेल असं त्याला वाटलं होतं. कालपासूनच्या धावपळीत जलालने तोंडात पाणीही घेतलेलं दिसत नव्हतं.

"असन," रामाजी म्हणाला. "मले कोनी सांगतलं नाई."

"कोन सांगन," जलाल म्हणाला.

आतून नर्सने मुलगी पाहायला दोनदा हाक मारली. जलाल लगेच उठला नाही.