दोन मिलिमीटर

धाकट्याचं ड्रोन सरळ येता येता एकाएकी उजवीकडे कलंडलं आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्याच्या मित्राच्या तोंडावर आदळलं, त्याला तीन आठवडे झाले होते. मित्राचा डोळा गेला तो गेलाच. सगळ्यांनी धाकट्याला धारेवर धरलं. "मी वळवलं नाही, आपोआप वळलं," असं तो सांगत राहिला, पण ऐकतंय कोण? ताईसुद्धा दवाखान्याच्या जिन्यात बोलून गेली, "तुझी मस्ती नडली." तेव्हापासून त्याने तोंडाला कुलूप लावलं होतं.

ड्रोन दोघांनी मिळून घरीच बनवलेलं. जोडणी सगळी ताईची. ती दातांच्या कवळ्या बनवायची. केसभर फरक राहिला तरी माणसाची हिरडी सोलून निघते, त्यामुळे तिच्या हाताला सफाई होती आणि त्या सफाईचा थोडा ताठाही होता.

रविवारी दुपारी धाकटा बाहेर पडल्यावर तिने ड्रोन टेबलावर घेतलं. खरं सांगायचं तर त्याचीच चूक तिला एकदाची पक्की करायची होती. तिने कॉम्प्युटरवर उड्डाणाची नोंद उघडली. रिमोटची काठी शेवटपर्यंत सरळ होती.

तिने नोंद पुन्हा पाहिली. मग पदर खोचल्यासारखी कामाला लागली. पाती बदलली, वायरींचे सांधे ओढून पाहिले, तोल सांभाळणारा सेन्सर ढिला आहे का तपासलं. सगळं ठाकठीक. शेवटी पाती काढून ड्रोन टेबलाला आवळलं आणि चारही मोटरी पूर्ण वेगात सोडल्या. मिनिटभर काहीच नाही. मग मागची उजवी मोटर अडखळली, थरथरली आणि बंद पडली. हात लावला तर चटका बसला.

त्या मोटरचे चार स्क्रू तिने काढून ओळीने ठेवले. तीन सारखे. चौथा दोन मिलिमीटर लांब. त्याच्या टोकाने आत तांब्याच्या तारेवरचं वेष्टण खरवडलं होतं, मोटर तापली की तिथेच शॉर्ट होत होतं.

तिला आठवलं. जोडणी करताना मूळचा स्क्रू टेबलाखाली घरंगळला, सापडेना, दुसऱ्या दिवशी धाकट्याला ड्रोन उडवायच्या सरावाला जायचं होतं. तिने दुसऱ्या डबीतला उचलून लावला. "बसतोय ना? झालं तर मग," असंही वर म्हणाली होती.

आता तो गुपचूप बदलला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने डबी उघडलीसुद्धा. मग मिटली, आणि धाकटा येईपर्यंत तशीच बसून राहिली.

त्याने स्क्रू पाहिले. समजावून सांगावं लागलं नाही.

"तीन आठवडे, ताई," तो म्हणाला. "माझाच हात हलला असेल, असं आता मलाही वाटायला लागलं होतं."

"चुकलं रे माझं."

"मला नको सांगूस. त्याला सांग."

मित्राच्या आईने दार उघडलं. धाकटा बाहेरच थांबला. मित्र खिडकीशी बसला होता. तो मालाची गाडी चालवायचा, ते आता बंद. ताईने अडखळत सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बघू तो स्क्रू," म्हणत त्याने हात पुढे केला. बोटं स्क्रूच्या अलीकडेच मिटली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच; एका डोळ्याला अंतराचा अंदाज येईना. शेवटी तिनेच त्याचा हात धरून स्क्रू तळव्यावर ठेवला.

"एवढुसा?" तो म्हणाला. बराच वेळ त्याने तो उलटसुलट केला. "त्याला आत पाठवा. आणि तुम्ही जा."

दारात धाकटा तिच्या अंगावरून आत गेला, पण त्याने मान वळवली नाही.

पुढच्याच महिन्यात धाकट्याने बिऱ्हाड मित्राकडे हलवलं. मित्राची गाडी आता तोच चालवतो, मित्र शेजारी बसून रस्ता सांगतो. ताईला धाकट्याचा फोन येतो, घरी असलेल्या त्यांच्या आईच्या औषधांपुरता.