जाहियाच्या गळ्याला लावलेली पेटी

मी एक जुनी बँडोनिअन आहे. नाव जिभेवर बसत नसेल तर मला नुसती पेटी म्हणा, मित्रांनो. तुमच्या हार्मोनियमची मी दूरची बहीणच लागते. ती जमिनीवर बसते, मी वाजवणाऱ्याच्या मांडीवर. दोन टोकांना लाकडाची दोन चौकोनी डोकी आणि मधे घड्याघड्यांचा लांब भाता, असे माझे रूप आहे. भाता ताणला की मी श्वास घेते, मिटला की सोडते. माझी एक जन्माची खोड आहे. एकच बटण दाबून ठेवले, तरी श्वास घेताना माझ्यातून एक स्वर निघतो आणि सोडताना दुसरा. माझ्या आयुष्यात जे काही घडले ते या खोडीमुळेच घडले.

माझा जन्म जर्मनीतल्या एका लहानशा गावी झाला. तिथल्या कारागिराने पोलादाची बारीक पाती एकेक करून कानशीने घासली, कानाशी धरून छेडली आणि माझ्या पोटात बसवली. मग गवताच्या गादीवर मला जहाजात चढवले. अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सच्या धक्क्यावर मी उतरले तेव्हा शहरभर टँगो नावाच्या नाचाचे आणि त्याच्या संगीताचे वेड होते. माझ्या पहिल्या मालकाने मला नाचघरांतून खूप मिरवले. लोक टाळ्या वाजवत, बायका माझ्या शिंपल्यांच्या नक्षीवरून बोट फिरवत. तो गृहस्थ एका रविवारी खुर्चीतच गेला, मला मांडीवर घेऊन. त्याच्या छातीतला श्वास थांबला, तरी माझ्यातला उरलेला श्वास हळूहळू बाहेर येत राहिला. माणसे म्हणाली, पेटी हुंदके देते आहे. तेव्हापासून मला हात लावायला कोणी धजेना.

धजला तो नखले हद्दूर. सीरियातल्या होम्सचा हा तरुण शहराच्या फ्लोरेस्ता भागात कापडाचे दुकान चालवत असे. त्याच्या आजोबांचा सारा जन्म तुर्कांच्या नावाने बोटे मोडण्यात गेला होता, तरी एकेकाळच्या तुर्की राज्यातून आलेला म्हणून या शहरात नखलेला सगळे ‘तुर्क’ अशीच हाक मारत. तो हसून ओ देई. दिवसा कापड फाडी आणि संध्याकाळी क्लबात टँगो वाजवी.

त्याची बायको जाहिया अंगणात द्राक्षाच्या वेलाखाली कपडे धुताना गुणगुणत असे. तिच्या गाण्यात एक स्वर यायचा. तुमच्याकडे कोमल गांधार आहे आणि शुद्ध गांधार आहे. हा त्या दोघांच्या मधोमध कुठेतरी राहणारा. माझ्या पोटात तो नव्हता. नखलेने शेजारचे दोन स्वर एकदम दाबून पाहिले, तर एका पोत्यात दोन मांजरे कोंडल्यासारखा आवाज आला. तो मला पेट्या दुरुस्त करणाऱ्या ओत्तोरिनो नावाच्या कारागिराकडे घेऊन गेला. ओत्तोरिनोने हात जोडले. चांगली पेटी मुद्दाम बेसूर करणे म्हणजे धडधाकट माणसाला लंगडायला शिकवणे, असे त्याचे मत पडले.

मग एका सुट्टीच्या दिवशी नखलेने मला जेवणाच्या टेबलावर उघडले. श्वास घेतानाची पाती त्याने टँगोसाठी तशीच ठेवली. सोडतानाच्या पात्यांपैकी काही निवडून ती घासायला घेतली. माप म्हणून त्याच्याजवळ जाहियाचा गळा होता. ती मसूर निवडत बसली होती आणि पाळण्यात त्यांची तान्ही मुलगी नोएमी झोपली होती.

“गा,” नखले म्हणाला.

“जगातले नवरे बायकोकडे जेवण मागतात,” जाहिया म्हणाली. “माझा नवरा आवाज मागतोय. काय गाऊ?”

“पोरीला हाक मारतेस ना, ती ओळ. शेवटचा स्वर धरून ठेव. अजून जरा खाली. रडल्यासारखा नको. रडून झाल्यावर येतो ना, तसा.”

“मग आधी मला रडव तरी,” ती म्हणाली, आणि हसता हसताच तिने तो स्वर लावला.

ती गायची, तो कानस फिरवायचा, पाते छेडायचा, डोके हलवायचा. दिवस कलेपर्यंत हे चालले. शेवटचे पाते बसवून त्याने भाता मिटला आणि खोलीत दोन जाहिया गायल्या. एक टेबलाशी बसलेली, एक माझ्यात. तिच्या अंगावर काटा आला. हातातले मसूर तसेच टाकून ती पाळण्यापाशी जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून माझ्या पोटात कोणीतरी राहायला आले, मित्रांनो. मला विचारून आले नाही.

काही वर्षांनी दारात मनुचेहर उभा राहिला. तो इराणातल्या शिराझचा, देश सोडून आलेला, आमच्या गल्लीतल्या बेकरीत कामाला लागलेला. रस्त्याने जाताना माझा तो स्वर त्याच्या कानी पडला आणि तो पिठाने माखलेल्या हातांनीच आत आला. दुसऱ्या दिवशी आपले कमांचे घेऊन आला. हे वाद्य मांडीवर उभे धरून गजाने वाजवतात. त्याला पडदे नसतात, त्यामुळे कुठलाही स्वर त्याला परका नाही. नखलेला फारसी येत नव्हती, मनुचेहरला अरबी येत नव्हती, आणि दोघांची स्पॅनिश ऐकून गल्ली हसत होती. म्हणून आमच्या संगीतात शब्द कधी आलेच नाहीत. मी श्वास घेताना टँगोची पावले टाकायची, सोडताना होम्सच्या अंगणात जायची, आणि कमांचे शिराझच्या वाटेने येऊन मला मधेच गाठायचे. पुढे नोएमी मोठी झाली आणि पियानोवर बसू लागली. तिच्या पियानोत मधले स्वर नव्हते. भाता मिटू लागला की ती हात मांडीवर ठेवून गप्प बसे.

ते दिवस मला अजून आठवतात. सभागृहात वेलदोड्याच्या कॉफीचा वास असे. आमच्यात गाणारे कोणी नाही, असे लोकांना वाटे. जाहिया पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत राही, आरशाकडे बघावे तशी, आणि शेजारणींना सांगे की ही मंडळी एकमेकांशी बोलत नाहीत तोवरच बरी.

आमच्याकडे उन्हाळा जानेवारीत येतो. त्याच कडक उन्हाळ्यात जाहिया गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली.

त्यानंतर नखलेने मला मांडीवर घेतले, पण भाता मिटताना तो अंगठ्याने हवेची कळ दाबू लागला. ती कळ दाबली की हवा मुकाट बाहेर पडते, एकही पाते हलत नाही. टँगो वाजवणारे कितीतरी जण असेच वाजवतात, त्यामुळे ऐकणाऱ्यांना काही कळले नाही. मनुचेहरला कळले. त्याचे कमांचे ठरल्या जागी येई, वाट पाही आणि एकटेच परत जाई.

मग माझ्या पोटातली ती दुपारी बोलू लागली.

जेवणे झाली की सगळा फ्लोरेस्ता दारे-खिडक्या लावून झोपतो. रस्त्यावरचे ऊन पांढरे होते, कुत्रेसुद्धा हलत नाही. मला कपाटावर उभे ठेवलेले असे, भात्यात थोडी हवा उरलेली. माझे वरचे डोके आपल्याच वजनाने खाली दबे, भाता मिटू लागे आणि आवाज येई. लांब, बारीक, खालच्या अंगाने वळणारा. उकाड्याने चामडे आखडले असेल, असे मी स्वतःला समजावत असे. पण चामडे आखडले तर कुठलाही स्वर निघावा. इथे कोणी बटण न दाबता रोज तीच ओळ निघे, पोरीला हाक मारायची. शेवटच्या स्वरापर्यंत हवा पुरत नसे आणि ओळ तिथेच तुटे. ती मी म्हणत नव्हते, मित्रांनो. ती माझ्यातून जात होती, एवढेच मला ठाऊक आहे.

नखलेने पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्याच्या हातातला पेला खाली पडला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच माझा भाता पुरता ताणून मला कपाटावर ठेवले आणि समोर खुर्ची ओढून बसला. मग रोजच बसू लागला. दुकानाची फळी उघडेना, क्लबचा रस्ता तो विसरला. मनुचेहर दार ठोठावून ठोठावून परत जाई.

नोएमी दुपारी शाळेत मुलांना पियानो शिकवत असे, त्यामुळे तिला यातले काही ठाऊक नव्हते. अंगणापलीकडच्या खोलीत एक शिवणकाम करणारी बाई नवीनच राहायला आली होती. तिने एके दिवशी नोएमीला जिन्यात गाठले.

“तुमच्या आई दुपारी छान गातात हो,” ती म्हणाली. “पण रोज तीच ओळ, आणि तीही अर्धवट. कोणाला बोलावतात?”

नोएमी तशीच जिना चढली. वर येऊन तिने बाबांच्या मनगटाकडे पाहिले. घड्याळ कोपरापर्यंत घसरत होते, आणि त्यांची खुर्ची कपाटावरच्या माझ्याकडे तोंड करून होती.

सकाळी बाबा उठायच्या आत तिने मला उचलले आणि ती ओत्तोरिनोकडे निघाली. मनुचेहर बेकरीच्या दारात उभा होता. कुठे निघालीस म्हणून त्याने विचारले, तेव्हा तिने दुपारच्या त्या ओळीचेही सांगून टाकले, आणि म्हणाली की सगळी पाती पहिल्यासारखी करून घ्यायची आहेत.

“आई गेली, काका. आता ही पेटी बाबांनाही घेऊन जाईल.”

“तुझ्या बापानं तिचं तोंड दाबून ठेवलंय,” मनुचेहर म्हणाला. “चारचौघांत बोलू दिलं नाही, तर बाई भलत्या वेळी बोलणारच.”

“तुम्हाला तुमच्या कमांचेची काळजी.”

“आहेच. त्याला हल्ली भिंतीशी बोलावं लागतं.”

नोएमी थांबली नाही.

ओत्तोरिनो आता पाठीत वाकला होता. तुर्काने केलेली नासधूस निस्तरायला फार उशीर केलात, असे म्हणत त्याने मोठ्या खुशीने माझे पोट उघडले. घासलेले पाते पुन्हा घासले की त्यातला जुना स्वर कायमचा जातो. तो हे बोलला नाही, नोएमीने विचारले नाही. मी ओरडले असते, पण माझा भाता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडला होता.

त्याच्या हाताला लागलेले पहिलेच पाते त्या ओळीतल्या शेवटच्या स्वराचे होते. कानस फिरली. त्याने ते तपासायच्या छोट्या भात्यावर बसवून वाजवले. स्वच्छ, गोड, कुठल्याही पेटीतून निघेल असा स्वर आला. माझ्या पोटातली ती जागा थंड पडली.

मग त्याने शेजारचे पाते उचलले आणि घासण्याआधी कसे आहे ते बघावे म्हणून वाजवले. नोएमी खिडकीतून रस्त्याकडे पाहत होती. तिची मान गर्रकन वळली, लहानपणी गल्लीत खेळताना घरून हाक आली की वळायची तशी. पियानोशी बसून तिने हा स्वर आयुष्यभर ऐकला होता. पण तेव्हा तो बाबांच्या हातचा असे, कमांचेच्या सोबतीत असे. आज तो एकटा होता.

“थांबा,” ती म्हणाली.

“आत्ता कुठे सूर लागायला लागलाय, पोरी.”

“ती माझी आई आहे. कानस खाली ठेवा.”

ओत्तोरिनोने हातातल्या पात्याकडे पाहिले आणि ते चटका बसल्यासारखे टेबलावर ठेवले.  त्याने मला जसे होते तसे जोडून दिले.

घरी नखले रिकाम्या कपाटासमोर बसला होता. नोएमीने त्याला सगळे सांगितले. त्याने मला मांडीवर घेतले.  भाता ताणला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा अंगठा हवेच्या कळीवरून बाजूला झाला. मी श्वास सोडला. ओळ निघाली, वळली, शेवटच्या स्वराशी आली आणि तिथे तो परका, गोड स्वर वाजला. नखले थांबला. नोएमी खाली बघत राहिली.

“दात पडला तिचा,” नखले म्हणाला. “म्हातारी झाली असती तर पडलाच असता.”

मग तो रडला, आणि रडून झाल्यावर त्याने जेवायला मागितले.

ते पाते पुन्हा घासायचे, तर माप घ्यायला गळा कुठून आणणार? म्हणून ती जागा रिकामीच ठेवायची, असे मनुचेहरने सुचवले. लवकरच सीरियन क्लबात एका दुपारी आम्ही वाजवले. सभागृह भरले होते. ती ओळ आली. शेवटच्या स्वराशी नखलेने बोट उचलले आणि हवेची कळ दाबली, मनुचेहरने गज उचलला, नोएमीचे हात मांडीवर होते. भाता मुकाट मिटत गेला. आणि तो न वाजलेला स्वर सगळ्यांनी ऐकला, घरून हाक यावी तसा. माझ्यासमोरच्या रांगा एकदम मागे वळल्या, दाराकडे. दूर देशीचे घर सोडून आलेल्या त्या म्हाताऱ्या माणसांपैकी कोणी पुटपुटले, “आले हं, आई.” कोणी अर्धवट उठून उभे राहिले. नोएमी मात्र वळली नाही. ती डोळे मिटून हसत होती.

त्यानंतर आमच्या घरातल्या दुपारी शांत झाल्या. नखले आता थकला आहे. संध्याकाळी तो नोएमीच्या मांडीवर मला ठेवतो आणि भाता कसा मिटायचा ते तिला शिकवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, जराशी वाकडी, जराशी बेसूर, तर तिला सरळ करायला नेण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा की ती कोणाच्या मापाने बनली. तिच्यावरची धूळ पुसा. तिला कोपऱ्यात गप्प बसवून ठेवू नका. तिला जे बोलायचे आहे ते दिवसाउजेडी, चार माणसांत बोलू द्या. आणि कधी आम्हाला ऐकायला आलात, तर त्या रिकाम्या जागेशी मागे वळून बघू नका. सगळेच वळतात. दारात कोणी नसते. मी श्वास सोडत असते, आणि माझे एकही पाते हलत नसते.