गिळत नाही गं मी

आमच्या ह्यांना चहाच्या कंपनीत सगळे ‘फुर्रसाहेब’ म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. टेबलावर पांढऱ्या कपांची रांग लावायची, चमचाभर चहा ‘फुर्र’ करून तोंडात ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि पिंपात थुंकायचा. मग सांगायचं, हा कोवळ्या पानाचा, ह्याला गोदामात ओल लागलीय. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, चहा प्यायचा पगार मिळतो, काय सुखी माणूस आहे! हा माणूस चहा पीतच नाही, हे मला नंतर कळलं. माझ्या हातचासुद्धा नाही. एक फुर्र, मग “उकळी जास्त झाली,” आणि कप बाजूला. माझं असं डोकं फिरायचं की विचारू नका.

तर अशा माणसाच्या पोटात आग पडली. घशाशी आंबट, छातीत जळजळ, तोंडाला चव नाही. गोळ्या घेतल्या की बरं, सोडल्या की पुन्हा तेच. नळी घालून पोट आतून बघून झालं, तिथे जखमबिखम काही निघाली नाही. पण चव जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं. मोठ्या साहेबांनी तोंडावर सांगितलं, नव्या हंगामाच्या चाचणीत कप ओळखता आले नाहीत तर तुम्ही पॅकिंगमध्ये. ज्या जिभेच्या जोरावर माणूस ताठ मानेनं जगला, ती घेऊन आता खोकी चिकटवायची! त्या दिवसापासून हे घरात धड बोलेनासे झाले.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच उपवासाच्या उपचारकेंद्राचं नाव सुचवलं. रक्त तपासलं, चिठ्ठी दिली, आणि आम्ही तिथे दाखल झालो. हे रोगी, मी सोबतीला. खोलीत दोन लोखंडी खाटा, न्हाणीघर, बाहेर बोळात गरम पाण्याची टाकी. एवढी मोठी इमारत, पण फोडणीचा वास म्हणून कुठे नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई आखूड केसांच्या, कापडी बूट घालून भराभरा चालणाऱ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “भूक लागते का?”

“वेळ झाली की जेवतो,” हे म्हणाले.

“ते नाही विचारलं मी. भूक लागते का?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जशी काही ह्यांची भूक मीच कुठल्या डब्यात ठेवून विसरलेय. पण खरं सांगू? ‘भूक लागलीय’ हे ह्यांच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं ते मलाही आठवेना.

उपवास म्हणजे कोमट पाणी, विश्रांती, पोटावर गार मातीची पट्टी, आणि नर्स येऊन रक्तदाब, साखर बघून जायची. “सुरुवातीला डोकं दुखेल, चिडचिड होईल. मग पोट निवत जाईल,” बाई म्हणाल्या. चिडचिड झाली, पण माझी. ह्यांचं पोट काही निवेना. उलट जळजळ वाढली. बाई चक्रावल्या. “पोटात अन्नाचा कण नाही, मग हे आम्ल बनतंय तरी कुणासाठी?” असं त्या स्वतःशीच बोलत होत्या. ह्यांच्यावर चिडण्यापेक्षा त्यांना ते कोडं सोडवायचं होतं, म्हणून मला त्या आवडल्या.

उत्तर मला न्हाणीघराच्या दारातून ऐकू आलं. फुर्र!

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. दार ढकललं तर काय! बेसिनच्या कडेवर पांढरा कप, हातात चमचा, थर्मासात टाकीचं गरम पाणी, आणि साबणाच्या डबीत चहाच्या पुड्या. डबीत, साबणाच्या!

“अहो, लाज कशी वाटत नाही?”

“गिळत नाही गं मी!” हे कळवळून म्हणाले. “थुंकतोय. थेंबही घशाखाली गेलेला नाही. मग उपवास मोडला कुठे?”

“पण कशासाठी?”

“जिवंत आहे का बघत होतो.”

“कोण?”

“जीभ.”

तशीच हाताला धरून त्यांना बाईंसमोर उभं केलं, कप-चमच्यासकट.

वाटलं, बाई झापतील. तर त्यांचे डोळेच चमकले. “झोपा बरं खाटेवर,” म्हणाल्या, आणि स्टेथोस्कोप ह्यांच्या पोटावर ठेवून नळ्या माझ्या कानात घातल्या. आत सामसूम. मधूनच कुठेतरी एखादा बुडबुडा. “आता मान उचला, एक चमचा चाखा आणि थुंका.” फुर्र झालं, हे थुंकले. मी श्वास धरून ऐकत होते. जरा वेळ गेला, आणि आत अशी काही गडगड सुरू झाली की मी दचकून कानातल्या नळ्याच काढल्या. पाहुणे दारात आल्यावर स्वैपाकघरात जशी भांड्यांची धावपळ उडते ना, अगदी तशी.

“तुम्ही थुंकणार आहात हे पोटाला कुठे माहीत?” बाई म्हणाल्या. “जिभेनं निरोप धाडला, त्यानं चूल पेटवली. पण वरून काही येतच नाही. कंपनीत दिवसभर हेच चालतं ना? माझा अंदाज आहे, खात्री नाही. पण आता खरा उपवास करून बघू.”

पुड्या मी माझ्या पर्समध्ये कोंबल्या. त्यानंतर मात्र पोट निवायला लागलं, ह्यांना झोप लागायला लागली. पण एका सकाळी हे आरशासमोर जीभ काढून उभे राहिले आणि पांढरेफटक पडले. जिभेवर जाड पांढरा थर. “उपवासात येतो असा, जाईल,” बाई म्हणाल्या. पण हे पिशवी भरायला लागले. “मी चाललो. पोट गेलं खड्ड्यात. जीभ गेली तर मी कोण?”

मी पिशवी ओढून घेतली. “गेली तर मी आहे. माझ्या नावानं बोंबला जन्मभर.” बोलून तर बसले, पण मनात आलं, थर गेलाच नाही तर? हे परत खाटेवर बसले.

उपवास गाजराच्या पातळ पाण्यानं सुटला, मग फळं, मग मऊ भात. थर हळूहळू विरला, पण ह्यांनी चव कशी लागते ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही धीर नव्हता. निघताना बाईंनी बजावलं, घरी चहा प्यायचाच तर सोबत काही खा, आणि प्यायचा म्हणजे गिळायचा.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी चाचणी, आणि हे चहाच्या डब्याकडे बघायलाही तयार नाहीत. मग मीच ठरवलं, काय तो सोक्षमोक्ष आजच लागू दे. कंपनीच्या चांगल्या चहात कोपऱ्यावरच्या दुकानातली स्वस्त भुकटी मिसळली. घाईत दूध जरा खाली लागलं, तेही तसंच ओतलं. सोबत पावाचे दोन तुकडे. कप समोर ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

फुर्र नाही की काही नाही. ह्यांनी पाव बुडवला, खाल्ला, एक घोट घेतला, गिळला. मग दुसरा. कप पार रिकामा केला. तोंडातून अवाक्षर नाही. एवढी भेसळ, आणि ह्यांना कळली नाही! जीभ गेली, आणि माझ्यामुळे गेली.

“कोपऱ्यावरची भुकटी,” ह्यांनी कप खाली ठेवला. “निम्मी तरी असेल. आणि दूध करपलंय.”

“मग... मग प्यालात कशाला तो?” मी ओरडलेच.

ह्यांनी रिकाम्या कपात डोकावून बघितलं. त्यांनाच नवल वाटत होतं.

“भूक लागली होती गं,” म्हणाले. “अजून आहे का?”