नमनातच संपलेली कॅसेट

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि सध्या बहारीनमधल्या अदलिया भागात, एका लहान दवाखान्याच्या कपाटात, मोडक्या वजनकाट्याशेजारी बसून आहे. नाक मुरडू नका. एके काळी माझ्या नळीवर बोटाचा ठसा उमटला तरी आमचे महादेवराव अख्खी लॅब डोक्यावर घेत.

माझा जन्म जर्मनीतला, पण घराणं त्याहून पुष्कळ जुनं. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये एका कापडवाल्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्याचा थेंब पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव दिसले. कोण विश्वास ठेवणार? त्या काळी भले भले पंडितसुद्धा जुन्या ग्रंथात असेल तेवढंच खरं मानत. पण हा गडी गप्प बसला नाही. दूरच्या विद्वानांना त्याने पत्रांवर पत्रं धाडली, गावच्या धर्मगुरूंना बोलावून भिंगाला डोळा लावायला लावला, त्यांच्या सहीनिशी साक्षी पाठवल्या. असे आणखीही लोक निघाले. ‘कोणी सांगितलं?’ असं विचारणारे हळूहळू ‘कोणी पाहिलं?’ असं विचारू लागले. आधी आभाळाबद्दल, मग रोगांबद्दल, मग राजांबद्दलही. जग बदललं ते त्यातून. मला या घराण्याचा फार ताठा होता.

महादेवराव संगमेश्वराकडचे. १९७४ साली ते इथे लॅब टेक्निशियन म्हणून लागले. घरी आई रखमाबाई, बायको शेवंती आणि पुढच्या वर्षी जन्मलेली लेक कुंदा. ती चार वर्षांची होईतो त्यांनी तिला जेमतेम दोन सुट्ट्यांत पाहिलेलं. गावात फोन नव्हता, शेवंतीला वाचता येत नव्हतं, म्हणून घरच्यांशी बोलणं कॅसेटवर. रजेवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती द्यायची, आणि तिकडे सगळं घर टेपभोवती बसून ऐकणार.

१९७९ साली महादेवराव रजेवरून परतले तेव्हा रखमाबाईंनी विहिरीच्या पाण्याची बाटली सोबत दिली. तिकडचं पाणी मचूळ, हे घोट घोट पी, म्हणाल्या. चार दिवसांत त्यांचं पोट बिघडलं. सोबत काम करणारा केरळचा राजन म्हणाला, “ते पाणी तपास की.”

“आमच्या आजोबांनी खणलेली विहीर आहे ती,” महादेवराव तडकले.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दिवसभर दुसऱ्यांचं तपासणारा माणूस आपल्या विहिरीपुढे हात जोडून उभा. शेवटी त्यांनी एक थेंब माझ्याखाली ठेवला. मी काय ते दाखवलं. अमिबा होते, जंतांची अंडी होती. महादेवरावांचा चेहरा पांढराफटक पडला. हेच पाणी कुंदा रोज पीत होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टीचा. रत्नागिरीचा ताहिर, त्यांचा दोस्त, संध्याकाळच्या विमानाने मुंबईला निघणार होता. खोलीवर सहा जणांचा गलका, म्हणून महादेवराव बंद लॅबमध्ये टेप घेऊन बसले. कॅसेटच्या एका बाजूला गाणी होती, दुसरी मोकळी. अर्धा तास बोलता येणार होतं.

आता आपल्या माणसांचं म्हणजे नमनाला घडाभर तेल. आईला शिरसाष्टांग नमस्कार, मग थोरले काका, काकू, आत्या, शेजारची गंगूबाई, तिचे जावई. एक नाव गळलं तरी वर्षभर रुसवा. शिवाय आजोबांच्या विहिरीत खोट आहे हे आईला सांगायचं कसं, म्हणून ते मूळ बोलणं पुढे पुढे ढकलत होते. कलमांचं विचारलं, म्हशीचं विचारलं, कुंदाला फ्रॉक पाठवतोय म्हणाले. मग, दिसतं तसं नेमकं सांगावं म्हणून, माझ्या भिंगाला डोळा लावला.

“आता एक महत्त्वाचं,” ते म्हणाले, आणि कॅसेटची बाजू संपून टेपचं बटण खट्कन वर आलं. एसीच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नाही. पुढचं सगळं ते अगदी पोटतिडकीने बोलले. पाणी खळखळ उकळा, गाळा, कुंदाला तसलं पाणी मुळीच देऊ नका. ऐकणारा एकटा मी. मला डोळा आहे, मित्रांनो, तोंड नाही.

डोळा काढल्यावर त्यांना बटण वर आलेलं दिसलं. “मीच दाबलं असेल,” ते पुटपुटले. तेवढ्यात ताहिर दारात आला. “यल्ला, चल महादेव, दे लवकर.”

पुढचा दीड महिना महादेवराव निश्चिंत होते. चहा घेताना राजनला म्हणत, “आता घरी पाणी उकळत असतील.” मला ते ऐकवत नसे.

मग घरची कॅसेट आली. ती त्यांनी माझ्यासमोरच लावली. रखमाबाई बोलत होत्या. “बाला, तुजी कॅशेट पोचली. सगल्यांची नावं घेतलीस, बरं वाटलं. ‘महत्त्वाचं’ म्हनलास नि बंद पडली. आमी उलटून लावली, तर तिकडं गानी. शेवंती म्हनली, फ्रॉकाचंच कायतरी आसंल.” मग टेप जवळ ओढल्याचा आवाज आला. “कुंदा गेली रे बाला. हगवन लागली, चार दिसांत गेली.”

महादेवराव ओक्साबोक्शी रडले. राजनने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्याच दुपारी त्यांनी दुसरी कॅसेट भरली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “पाणी उकळून प्या,” एवढंच म्हणाले. पुढे अर्धा तास टेप तशीच फिरत राहिली.

घरी पाणी उकळू लागलं, शेजारीपाजारीही उकळू लागले. वरातीमागून घोडं. १९८६ मध्ये लॅबला नवं यंत्र आलं, मी कपाटात गेलो, महादेवरावही कायमचे गावी परतले.

माझ्या भिंगांना आता बुरशी धरते आहे. कुणी मऊ फडक्याने पुसलं तर बरं वाटेल, खोटं कशाला बोलू? पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तो कापडवाला नुसता पाहून थांबला असता, तर जग होतं तिथेच राहिलं असतं. तुम्हाला कुठे काही दिसलं आणि त्यात कुणाचा जीव अडकला असेल, तर आधी तेवढं सांगून टाका. विहीर कुणाची, मान कुणाचा, हे मागाहून बघता येतं. वडीलधारी माणसं नमस्कारासाठी थांबतात, मित्रांनो. लेकरू थांबत नाही.