चिंचेखालची बाई

टाकीचं झाकण फिरताच ‘फुस्स’ असा आवाज आला आणि विक्रोळीच्या आमच्या नाक्यावरची पन्नासेक माणसं मागे सरकली.

“गेली! बाई गेली!” धाकू भगत ओरडला. त्याने टाकीत तीर्थाचे चार थेंब सोडले, झाकण घट्ट लावलं आणि त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड थर चढवला. बाबांनी स्टार्टर मारला. गाडी सुरू! एकच जयजयकार.

दिवाळीच्या सुट्टीत हा चमत्कार मी लागोपाठ तीन दिवस पाहिला. संपानंतर गिरणीतली नोकरी सुटली तेव्हा बाबांनी जुनी डिझेल पिकअप घेतली होती. सकाळी भांडुपला टाकी फुल करायची, बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि घाटकोपरच्या मासळी बाजारात पोचवायच्या. पाडव्याला भगताने गाडीची पूजा केली, झाकणालाही शेंदूर फासला. दुसऱ्या दिवसापासून गाडी बरोबर आमच्या नाक्यावरच्या चिंचेखाली येऊन मरू लागली. भगत म्हणे, चिंचेवरची बाई गाडीत बसते. बाबांनी मिस्त्रीला बोलावलंच नाही. भूत काढायला मिस्त्री कशाला?

चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आज मात्र बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाने कालच बजावलं होतं, “आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी गाडी लावीन.”

भगत निवांत होता. “आज बाई तीर्थावर भागायची नाही. काळी कोंबडी आणा. तोवर झाकणाला हात लावाल तर घरातलं माणूस जाईल!”

कोंबडी शोधायला माणूस पळाला. बर्फावरच्या गोणपाटाखालून पाण्याची धार रस्त्यावर वाहू लागली. ती बघताना मला आईचा तेलाचा डबा आठवला. आई डब्याला नेहमी दोन भोकं पाडते. एकाच भोकातून तेल गुटगुट करतं आणि थांबतं. दुसऱ्यातून हवा आत शिरली की धार लागते. मी वाकून झाकण पाहिलं. शेंदराखाली एक बारीक खळगा दिसत होता.

“बाबा, झाकणाला भोक आहे! ते बुजलंय. हवा आत जात नाही, मग डिझेल इंजिनात येणार कसं?”

“गप रव गो!” बाबा खेकसले. “नववीत गेलंस म्हणान भगताक शिकवतंस?”

“अहो, पण टाकी रोज भांडुपलाच काठोकाठ भरता ना? आत हवेला जागाच उरत नाही, म्हणून रोज इथेच…”

“बघा, बघा!” भगत माझ्याकडे बोट नाचवत म्हणाला. “ही बोलत नाही, हिच्यातली बाई बोलतेय!”

शेजारच्या प्रेमाकाकूंनी माझे दोन्ही हात धरले. “नको गं अनू, शहाणी ना तू?” मी ओढाओढ केली, ओरडले, शेवटी रडले. माझ्याच अंगावर अंगारा पडला. कोंबडी यायला तास लागला. मग झाकण उघडलं, फुस्स झालं, गाडी सुरू झाली, माणसं नाचली. भगताने शेंदूर पुन्हा थापला.

दुपारी बाबा रिकामी गाडी घेऊन परतले आणि नुसते पायरीवर बसले. काम गेलं होतं.

“आता तरी बघू?” मी विचारलं. ते पायरीवरून बाजूला सरकले. मी केसांतला आकडा काढून भोक कोरलं. बाबांनी भांडुपला टाकी भरून आणली. गाडी चिंचेखालून सरळ पुढे गेली. मग मी त्यांच्याबरोबर पुन्हा भांडुपला गेले आणि टाकी भरल्यावर मीच शेंदूर फासला. परतताना चिंचेखाली गचके देत गाडी मेली. सगळ्यांसमोर मी आकडा घातला. फुस्स! स्टार्टर मारला. चालू!

“म्हणजे बाई आकड्याला घाबरते?” कुणीतरी विचारलं. खूप हशा झाला.

गर्दीतले मधुकर मिस्त्री म्हणाले, “धाकू दहा वर्षं ट्रकवर क्लीनर होता. ते भोक त्याला माझ्याहून जास्त ठाऊक.”

“मग आधी का नाही बोललात?” मी विचारलं.

“मला विचारलं कोणी?”

भगत तोवर कोंबडी घेऊन सटकला होता. चार दिवसांनी पलीकडच्या चाळीत त्याने एका रिक्षाला शेंदूर फासला म्हणे. बर्फाची गाडी आता दुसरी येते. बाबा रोज कामाच्या शोधात जातात आणि माझ्याशी फार बोलत नाहीत.

म्हणून हात जोडून सांगते. पूजा करा, नारळ फोडा, मी अडवणार नाही. पण गाडी बंद पडली तर आधी मिस्त्रीला बोलवा. आणि घरातली पोर काही सांगत असेल तर तिचे हात धरू नका. आधी झाकण उघडून बघा.