चित्रातल्या आईचं वय

मी एक जुना आरसा आहे, पण आजवर कोणी माझ्यात बघून भांग पाडलेला नाही की कॉलर सारखी केलेली नाही. माझ्यात लोक बघतात ते जीभ बाहेर काढून, गाल फुगवून, भुवया कपाळावर चढवून. दचकू नका मित्रांनो, ही माणसं वेडी नाहीत. ती ॲनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनपटांची, चित्रं काढणारी मंडळी आहेत. रडका चेहरा काढायचा तर आधी स्वतः रडवेलं तोंड करून बघतात, ओठ कुठे वळतो ते पाहतात आणि मगच कागदाला पेन्सिल टेकवतात. टोकियोच्या सुगिनामी भागात असले स्टुडिओ गल्लोगल्ली आहेत आणि तिथल्या बहुतेक टेबलांशी माझा एखादा भाऊबंद असतोच.

माझा जन्म सुमिदा नदीकाठच्या एका लहानशा कारखान्यात झाला. काच कापली, घासली, पाठीवर चंदेरी मुलामा चढला, भोवती फिक्या लाकडाची चौकट बसली. मला वाटलं होतं, एखाद्या नव्या नवरीच्या खोलीत मिरवेन. कसलं काय! मला उचललं इसोबे कियोका नावाच्या पोरीने. नुकतीच स्टुडिओत लागली होती. बोटं पेन्सिलीने काळी आणि केसांत खोडरबराचा चुरा. तिने मला टेबलावरच्या फळीला, डोक्याच्याही वर, एका खिळ्यावर अडकवलं. ती कागदावर वाकलेली असायची आणि मान न उचलता, नुसते डोळे वर करून माझ्याकडे बघायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. दुसऱ्यांनी ठरवलेली पात्रं इसोबे काढायची आणि त्यातही शाळकरी मुली काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "चौदा वर्षांची पोरगी हवी? इसोबेकडे द्या," असं सगळे म्हणायचे. ती माझ्याकडे बघून डोळे विस्फारायची आणि कागदावर एक मुलगी डोळे विस्फारायची. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही होता, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

मला मात्र एका गोष्टीचं भारी कुतूहल वाटायचं. कागदावरच्या माणसाला वय येतं कुठून? त्याला ना वाढदिवस, ना दुखरे गुडघे. बघता बघता थोडंफार समजलं. डोळे मोठे काढून चेहऱ्यावर खाली बसवले, वर मोठं कपाळ ठेवलं, नाकाच्या जागी नुसता ठिपका दिला आणि हनुवटी इवलीशी केली, की झालं लहान मूल. डोळे जरा वर सरकवून अरुंद करा, नाकाला दांडा द्या, हनुवटी लांबवा, मान जाड करा, की मूल मोठं होतं. आणि नाकाशेजारून ओठाकडे एकेक रेघ ओढली की पात्र थेट म्हातारं. पण मधली माणसं? चाळिशीची, पंचेचाळिशीची? ती कशी काढतात, हे काही मला दिसत नव्हतं. कारण आमच्याकडे ती फारशी काढतच नसत. कथेतल्या आया लेकींच्या थोरल्या बहिणी दिसायच्या आणि बघणाऱ्यांना त्याची सवय झाली होती.

मग एक दिवस इसोबेच्या नशिबाने दार उघडलं. पहिल्यांदाच सगळी पात्रं तिने स्वतः घडवायची होती. गोष्ट होती फुसाए नावाच्या बाईची. वय त्रेचाळीस, बंदराच्या गावात सोबा शेवयांचं दुकान चालवते, पदरात चौदा वर्षांची मुलगी. इसोबे त्या दिवशी माझ्याकडे बघून उगाचच हसली. मलाही आनंद झाला.

पण पहिलं चित्र बघून दिग्दर्शक हातायामांनी कपाळाला हात लावला. हे गृहस्थ सदा चपला फरफटत, हातात चहाचा थर्मास घेऊन फिरायचे.

"इसोबेसान, ही आई आहे की लेकीची वर्गमैत्रीण?"

"केस बांधलेत की तिचे. ॲप्रनही आहे."

"ॲप्रन बांधून शाळेच्या जत्रेत शेवया विकणारी पोरगी वाटते ही! आख्खी गोष्ट या बाईच्या खांद्यावर आहे, बाई. गुरुवारच्या बैठकीत मला त्रेचाळीस वर्षांची फुसाए हवी. नाहीतर मला दुसरा चित्रकार बघावा लागेल. राग मानू नका."

राग मानायला तिला वेळ कुठे होता! तिने दुसरं चित्र काढलं, नाकाशेजारी दोन रेघा देऊन. शेजारच्या टेबलावरचा त्सुगावा वाळवलेला स्क्विड मासा चघळत डोकावला. दोघं एकाच वर्षी स्टुडिओत लागलेली, त्यामुळे त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"अगं, ही तर आजी झाली! सकाळी चौदा, दुपारी सत्तर. मधली वर्षं कुठं हरवलीस?"

"तू तुझं काम कर ना!"

"करतोय. पण खरं सांग, स्वतःला बघून का काढत नाहीस? तू फुसाएपेक्षा चार वर्षांनी मोठीच आहेस."

"रोज बघतेच की या आरशात."

"बघतेस, पण पोरीचं तोंड करून!"

इसोबेने पेन्सिलीला टोक केलं. चित्रांवर चित्रं काढली आणि टोपलीत टाकली. डोळे लहान केले तर फुसाए दुष्ट दिसायला लागली, हनुवटी लांबवली तर आजारी. बुधवारी तर ती जेवलीही नाही. भाताचा गोळा तसाच कागदात गुंडाळलेला. मला तिची फार काळजी वाटत होती, पण खिळ्यावरून मी काय करणार?

इतक्यात जमीन हलली. लहानसाच धक्का होता. कोणी उठलंसुद्धा नाही, फक्त सगळ्यांनी आपापले चहाचे कप धरले. पण माझा खिळा जुना झाला होता. मी निसटलो, चित्रांच्या गठ्ठ्यावर आपटलो आणि माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला. इसोबेने मला घाईघाईने टेबलावर उताणं ठेवलं आणि कुठे तडा गेलाय का, ते बघायला वाकली.

"अगंबाई! ही कोण?"

माझ्यात तिचाच चेहरा होता, पण खालून दिसणारा. हनुवटी भरलेली, गळ्याशी वळी, पापण्या जड, नाक आणि ओठ यांच्यातली जागा लांब. तिने मला उचलून डोक्यावर धरलं आणि नेहमीसारखे डोळे वर केले. कपाळ मोठं, डोळे टपोरे, हनुवटी इवलीशी. पुन्हा खाली ठेवलं. पुन्हा वर. मला गरगरायला लागलं.

"त्सुगावा! अरे, मी इतकी वर्षं स्वतःला वरूनच बघत आले! वरून बघितलं की कोणीही पोर दिसतं!"

"बघू, बघू." त्याने मला खालून धरून बघितलं आणि लगेच वर नेलं. "मी आपला वरच बरा!"

ती हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःची इतकी वर्षं एकदम दिसली, वाईट वाटणारच. मग मात्र तिला माझ्यासारखंच कुतूहल वाटायला लागलं. तिने मला वर नाही, खाली नाही, अगदी नाकासमोर उभं केलं आणि पहिल्यांदाच कसलंही तोंड न करता बघत बसली. हळूहळू पेन्सिल चालायला लागली. डोळे केसभर वर गेले. वरची पापणी थोडी जड झाली, पण बुबुळातली चमक तशीच राहिली. मान रुंदावली आणि खांदे किंचित पुढे आले. नाकाशेजारी एकही रेघ आली नाही.

गुरुवारी हातायामा चित्र घेऊन बराच वेळ उभे होते. थर्मासमधला चहासुद्धा प्यायले नाहीत.

"सुरकुती एकही नाही. मग ही पोर का नाही वाटत?"

"माहीत नाही. पण ही मी आहे."

"ही पहाटे उठून पीठ मळते ना?"

"हो. आणि संध्याकाळी लेकीवर ओरडते, मग तिचं तिलाच वाईट वाटतं."

हातायामांनी चित्र जपून खाली ठेवलं. "आता हिला कोणी हात लावायचा नाही. फुसाए तुमची, आणि बाकीची पात्रंही तुमचीच."

पण हे चित्र बघून पुढची हजारो चित्रं काढणारे हात दुसऱ्यांचे असतात आणि त्यांनाही पोरी काढायची सवय. म्हणून इसोबेने कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं: "मेहेरबानी करून हिला तरुण करू नका."

मी आता टेबलावरच असतो, टवका उडालेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावून. कधीकधी काम संपल्यावर ती माझ्यावरची पेन्सिलीची पूड बाहीने पुसते, क्षणभर बघते आणि म्हणते, "बरी दिसते की मी." मित्रांनो, आरशाला यापेक्षा जास्त काय हवं? तुम्हीही आपापले आरसे जपा, पुसत जा. आणि एक विनंती आहे. आज घरी गेलात की आईच्या चेहऱ्याकडे नीट, अगदी समोरून बघा आणि "दमलीस का गं?" एवढं तरी तिला विचारा.